ओल्शान्का स्टेशनवरची काजळी

नाही, पण मी म्हणतो, घाण करणं ही काय शिकायची गोष्ट आहे? सगळा जन्म माझा डेअरीत गेला, पांढरा डगला, पांढरी टोपी, नखं तपासून आत सोडायचे, दुधाच्या टाकीवर एवढासा डाग दिसला की अख्खी पाळी थांबायची, आणि आता पेन्शनीत बसलोय तर हा हुदेचेक माझ्या स्टेशनाभोवती एक चक्कर मारतो, वाकतो, डोळे बारीक करतो आणि मला काय म्हणतो? “लुमीर, काम झकास रे. पण घाण कुठाय?” घाण कुठाय म्हणे! अहो, तीन आठवडे मी श्वास रोखून ते रंगवलं, आणि याला घाण पाहिजे... तेव्हा कळलं मला. तुम्हाला सांगतो, स्वच्छ काय, कोणीही करतं. घाण करायला अक्कल लागते.

हुदेचेक म्हणजे आमच्या आगगाडी मंडळाचा अध्यक्ष. खरी आगगाडी नव्हे हो, छोटी, टेबलावरची, रूळ, बोगदे, पूल, डोंगर, सगळं बोटभर बोटभर. नाताळच्या आधी गावच्या व्यायामशाळेत आमचं प्रदर्शन भरतं, सगळा गाव लोटतो. आणि मी त्या मंडळात इतकी वर्षं काय करतोय? वायरी धरतोय! वायरी धरतोय आणि बीअर आणतोय. त्या अख्ख्या टेबलावर माझ्या हातचं एक झाड नाही, एक झुडूप नाही, माणसाला काही वाटतं की नाही? म्हणून यंदा उठून उभा राहिलो आणि म्हटलं, मधली ती वळणावरची जागा रिकामी आहे ना, तिथं स्टेशन मी करणार. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू वायरच बोलली. हुदेचेक म्हणाला, कर बाबा, पण खरं दिसलं पाहिजे, नाही जमलं तर माझा बीअरचा कारखाना तयारच आहे कपाटावर, तो ठेवू. आता त्याचा पूल तिथं, त्याचा बोगदा तिथं, त्याची पाण्याची टाकी तिथं, आणि मध्ये पुन्हा त्याचाच कारखाना? मग मी जन्मभर वायरीच धरायच्या का?

आता स्टेशन म्हणजे मी काही कोरून काढलं नाही. खोकं मिळतं. भिंती, छप्पर, खिडक्या, सगळं पुठ्ठ्यात कापून दिलेलं असतं, आणि खोक्यावर लिहिलेलं असतं, फक्त चिकटवा. फक्त! अहो, खिडकीची चौकट म्हणजे केसाएवढी, चिमट्यानं उचलली, गोंद लावला, आणि नेमकी शिंक आली... गेली चौकट. सतरंजी झटकली, कुत्र्याचे कान बघितले, शेवटी खाटकाच्या दुकानात रांगेत उभा असताना मागची बाई म्हणते, तुमच्या कोपराला काहीतरी चिकटलंय. चौकटच ती! तशीच घरी आणली, हात वाकवला नाही की दुसऱ्या कशाला लावला नाही, सॉसेजचं पुडकंही त्या बाईलाच पिशवीत टाकायला सांगितलं.

बरं, स्टेशन कुठलं? ओल्शान्काचं. आमच्या रेल्वेफाट्यावरची सगळी स्टेशनं एकाच नकाशावरून बांधलेली, खोक्यातलंही तेच, पिवळ्या भिंती, तपकिरी खिडक्या, वर स्टेशनमास्तरचं घर. आणि ओल्शान्काच्या स्टेशनमास्तरची बायको कोण? आमच्या सासूबाई! आमच्याच घरी असतात, माझ्याच शेजारी बसून जेवतात. त्या घरात त्यांचा सगळा संसार झाला. खिडक्या व्हिनेगरनं पुसायच्या, प्रत्येक गाडीच्या आधी फलाट झाडायच्या, गाडी गेली की परत झाडायच्या, लोक म्हणायचे ओल्शान्काला उतरायचं तर पाय पुसून उतरा. गेल्या उन्हाळ्यात ते स्टेशन पाडलं. आता तिथं बस थांबते, काचेचा एक खोका उभा केलाय. ल्युबा, म्हणजे माझी बायको, आईला म्हणाली, चल, शेवटचं बघून येऊ, तर सासूबाई म्हणाल्या, मी घरीच बरी. आणि त्या दिवशी त्यांनी आमच्या घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या. सगळ्या. तळघराची सुद्धा.

तेव्हा स्टेशन झालं तसं सासूबाई खूश! खिडकीत जिरॅनियमच्या कुंड्या पाहिजेत म्हणाल्या, मी केल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या. आणि त्यावर हुदेचेक, घाण कुठाय! शिकवलं त्यानं मला. छपराला वरून खाली काजळी, पन्हळीखाली गंजाचे ओघळ, जोत्याला चिखल, आणि जिथं इंजिन उभं राहतं तिथली भिंत तर काळी ठिक्कर. पातळ काळा रंग, खडूची पूड, जवळजवळ कोरडा ब्रश, हळू हळू, हळू हळू... असं सुंदर घाण केलं की माझं मलाच भरून आलं! वाळायला स्वयंपाकघरात ठेवलं आणि पाव आणायला गेलो. परत येतो तर स्टेशन लख्ख! सासूबाई कान कोरायच्या कापसाच्या काडीनं शेवटचा कोपरा पुसतायत, आणि घरभर व्हिनेगरचा वास.

त्या म्हणाल्या, “जावईबापू, ओल्शान्का असं कधी नव्हतं.”

मी समजावलं. म्हटलं, आई, इंजिनाचा धूर असतो, धूर भिंतीवर बसतो, त्याला कोणाचा इलाज आहे?

“धूर इंजिनाचा होता,” त्या म्हणाल्या. “भिंत माझी होती.”

मी पुन्हा घाण केलं, त्यांनी पुन्हा पुसलं. मी वरून वॉर्निश मारलं, त्यांनी दात घासायचा जुना ब्रश काढला, वॉर्निशही गेलं आणि खालचा पिवळाही गेला. ल्युबाला म्हटलं, तू तरी सांग ना आईला, तर म्हणते, मला मध्ये घेऊ नकोस, मी त्या घरात जिना चढायच्या आधी बूट काढत वाढलेय. म्हणजे बघा, स्वच्छ ठेवावं तर हुदेचेकचा कारखाना येतो, घाण करावी तर म्हातारीच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि मी मध्ये ब्रश धरून! तुम्हाला सांगतो, स्वच्छ काय, कोणीही करतं. घाण करायला अक्कल लागते... आणि सासू नसावी लागते.

शेवटी मला सुचलं. आमचं टेबल आहे चौकोनी कड्यासारखं, लोक बाहेरून बघतात, आणि आम्ही मंडळवाले टेबलाखालून रांगत मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहतो, गाड्या चालवायला. म्हणजे स्टेशनाचं तोंड लोकांकडे आणि पाठ हुदेचेककडे! मग काय, तोंड स्वच्छ, पाठ घाण, दोन्ही पार्ट्या खूश, माझ्यासारखा मुत्सद्दी नाही. स्टेशन उचललं आणि मंडळाच्या खोलीत नेलं, कुलुपात. पुढची बाजू पुन्हा पिवळी केली. कोळशाच्या ढिगासाठी घरातली खसखस पळवली, आमच्याकडची काळीनिळी खसखस म्हणजे हुबेहूब कोळसा हो, फक्त त्या रविवारी बनमध्ये खसखशीऐवजी नुसता जॅम होता आणि माझ्याशी कोणी बोललं नाही. मागच्या भिंतीला पावसाळी नळी लावताना मात्र गोंद सांडला, अंगठा भिंतीला चिकटला, ओढला तर निघाला पण ठसा ठेवून निघाला, वरच्या खिडकीखाली, ठसठशीत. रंग त्यावर धरेना. म्हटलं मरू दे, मागचीच बाजू आहे, आणि वर काळं फासून मोकळा झालो.

प्रदर्शनाला सासूबाई चांगला कोट घालून, त्यावर चांदीची पिन लावून आल्या. समोर खुर्चीवर बसल्या. बघितलं, बघितलं... आणि हळूच म्हणाल्या, कुंड्या आहेत. बस, एवढंच! पण चेहरा असा उजळला म्हणता. फलाटावरच्या बोटभर माणसांकडे मात्र संशयानं बघत होत्या, पाय पुसलेत की नाही म्हणून. आतून हुदेचेकनं मागची बाजू बघितली आणि मान डोलावली, हे बघ, आता कसं खरं दिसतंय! आणि मी दोघांच्या मध्ये गरम सॉसेज खातोय, मोहरी लावून, म्हटलं लुमीर, जिंकलास.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. म्हणाल्या, माझ्या स्वयंपाकघराची खिडकी मागे होती. आणि मी तोंडातला घास गिळायच्या आत, ऐंशी ओलांडलेली बाई, चांगल्या कोटासकट टेबलाखाली! ल्युबा आई आई करतेय, मी सॉसेजसकट मागोमाग रांगतोय, आणि डोकं वर काढतो तर त्या हुदेचेकच्या शेजारी उभ्या. चष्मा लावला. भिंतीवरची काजळी बघितली. बाहीतून रुमाल काढला. हुदेचेकनं हात मध्ये घातला आणि त्यांचा चेहरा बघून परत घेतला. मी मनात म्हटलं, संपलं, म्हातारीचंही मन मोडलं आणि कारखानाही आला.

रुमाल भिंतीपाशी गेला आणि थांबला.

“जावईबापू, हा डाग तुम्हाला कोणी सांगितला?”

कुठला डाग? बघतो तर माझा अंगठा! वरच्या खिडकीखाली!

“आमचे हे रोज सकाळी खिडकीतून वाकून इथं तंबाखूचा पाइप झटकायचे,” त्या म्हणाल्या. “रक्षापात्र ठेवलं होतं मी. पण नाही, भिंतीवरच. किती घासला मी हा डाग, किती भांडले. मग हे गेले... आणि मी घासायचं सोडलं.”

आणि रुमाल त्यांनी भिंतीला लावलाच नाही, डोळ्यांना लावला. मी काय सांगणार? की आई, गोंद सांडला होता? मी अंगठा गुपचूप खिशात घातला. खरं सांगतो, त्या वेळी मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं... हुदेचेक दोनदा खाकरला आणि म्हणाला, स्टेशन इथंच राहील. कायमचं. कारखाना कपाटावरच बरा.

इथं थांबायला हवं होतं. पण हुदेचेकला आला मायेचा उमाळा, म्हणाला, बाई, तुम्ही बसा इथं आतच, तुमच्या खिडकीपाशी, आम्ही सगळे जरा तुमच्या नावानं बीअर घेऊन येतो. सगळे गेलो! एकही माणूस मागे ठेवला नाही हो! परत येतो तर... इंजिनं लख्ख. पूल लख्ख. हुदेचेकनं वर्षानुवर्षं थर चढवून काळा केलेला बोगदा, आतपर्यंत लख्ख. पाण्याची टाकी तर अशी, की आमच्या डेअरीनं तिच्यात दूध ठेवलं असतं. आणि सासूबाई रुमालाची घडी घालत म्हणतात, तुमच्याकडे पुसायला कोणी नव्हतं वाटतं.

अख्ख्या टेबलावर घाण म्हणून उरलाय तो एकच डाग. माझा. लोक वाकवाकून तोच बघतात. आणि हुदेचेक, तो आता रोज माझ्या घरी येतो, सासूबाई झोपल्या का बघतो, बूट दारात काढतो आणि हळूच विचारतो, लुमीर, तो डाग कसा केलास रे, मला शिकव ना.

काय सांगू त्याला? मी आपला अंगठा खिशात घालतो आणि म्हणतो, “स्वच्छ काय रे, कोणीही करतं.”