चौथा खांदा

मी खाप्याचा, कन्हानकाठचा. आता हिंगण्याले कंपनीत हावो, पण ओळख विचारली तं नट म्हणा. हसू नका भाऊ, खरं सांगून राहिलो. गावच्या नाटकात लहानपणापासून तोंडाले रंग लावत होतो, आन् बाबा म्हणे, नाटकानं चूल पेटत नाही गा. मायं एकही नाटक पाहाले ते आले नाही. मले लय लागे ते.

मंग नागपूरवाल्या पोट्ट्यायनं पिक्चर काढला. एक रिटायर मास्तर, एक पहेलवान, एक जोतिषी, तिघायचं बिलकुल पटत नाही, पण इम्याच्या पैशापायी मास्तर मेला असं दाखवतात आन् त्याच्या जागी एक बेवारस मुडदा तिरडीवर बांधतात. मास्तर खुद्द दाढी लावून खांदेकरी! मले काम भेटलं मुडद्याचं. बायको म्हणे, असं अभद्र करू नका जी. मी म्हणलं, अवं, मेल्याची खोटी बातमी आली का आयुष्य वाढते. बाबाले मात्र सांगतलंच नाही.

शूटिंग नेमकं खाप्यातच. कॅमेरा दूर, एका माडीवर. खांदेकरी तीनच, तिरडी वाकडी, हसाले यावं म्हणून. पण आमच्या गावात तिरडीचा एक खांदा रिकामा दिसला का कोण मेलं हे कोणी विचारत नाही, चप्पल काढते आन् खांदा देते. एक म्हातारा मागून येऊन लागला. मी डोळे मिटून पडलेलो, तं खोकला ओळखीचा वाटला. काय सांगू तुम्हाले, बाबा होते!

घाटावर उतरवलं, तोंड पाहाले बाबा वाकले आन् त्यायनं असा हंबरडा फोडला! कॅमेरा चालू. माया आतला नट म्हणे हलू नको, पण आतला पोरगा उठून बसला. बाबा, जित्ता हावो मी. लोकं पळाले, पहेलवान सगळ्यायच्या पुढं. बाबानं पहिले एक थापड हाणली, मंग असं छातीशी धरलं का सोडतच नव्हते.

डायरेक्टर म्हणे, आता हाच शेवट, मुडदाच जित्ता निघाला, तिघायचा डाव फसला. बाबाले विचारलं, तुमचं रडणं ठेवू काय? ठेव म्हणे.

नागपुरात पिक्चर लागला तं बाबाले घेऊन गेलो. त्यायच्या हंबरड्यावर सारं टाकीज हसलं. मले वाटलं, झालं, आता उठून जातीन. आन् बाबा बाजूच्या माणसाले हलवून हलवून सांगून राहिले, तो तिरडीवर हाय ना, तो माया पोरगा. नट हाय तो.

आता घरी कोणी आलं का चहाच्या पहिले हेच सांगतात. देवानं त्यायले खूप वर्षं द्यावी. मायं आयुष्य तं वाढलंच हाय.