उभा छापलेला हूक

दुधराम : ओरडू नोको हर्षा. विहिरीत सारं दोनदा ऐकू येते.

हर्षा : काका, हलू नका! वर, तुमच्या पाटाच्या हुकातून 'टक' आवाज आला.

दुधराम : माझा गुडघा असंल.

रुख्मा : गुडघा खाली हाय जी, आवाज वर झाला. हर्षा, दोर ओढू?

हर्षा : काकू, नको! झटक्यानं हूक तुटेल.

दुधराम : काऊन तुटंल? तूच कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर छापला. दोन कट्टे धान लटकवून पाह्यलं होतं.

हर्षा : तो पहिला, आडवा छापलेला. मग तुम्ही म्हणाले, चोरी जाते, माझं नाव पाह्यजे. नाव साफ यावं म्हणून हा उभा छापला.

दुधराम : प्लास्टिक तर तेच ना?

हर्षा : तेच. कडक अन् रबरी, दोन्ही मिसळलेलं. पण थरावर थर बसते. उभा हूक ओढला की थर सुटते. आडवा दोनशे किलोले टिकला. असाच उभा आज मशीनवर ओढला, सत्त्याहत्तरले तुटला. कुडव्याच्या कॉलेजातून गाडी पळवत आले, तर तुम्ही पाटावर बसून अर्ध्या विहिरीत!

रुख्मा : तुमी किती किलो जी?

दुधराम : बहात्तर. अन् मांडीवर मोटरच्या पाइपाले लावाचा फुटवाल, सहा किलो.

रुख्मा : टाका तो!

दुधराम : नवा हाय.

रुख्मा : टाका!

(पाण्यात मोठा डुबुक.)

दुधराम : टाकला. आता बहात्तर.

रुख्मा : सकाळच्या पुऱ्या धरल्या का?

दुधराम : ...हर्षा, मले भेव लागून राहिलं.

हर्षा : मलेही. काकू, गायीचा दोर आंब्याले बांधा, टोक खाली सोडा. काका, कमरेले गुंडाळा. हळू.

रुख्मा : मी बांधलेली गाय आजवर सुटली नाही.

दुधराम : गाठ मारली. हर्षा, पुन्हा 'टक'...

हर्षा : काका!

रुख्मा : हायेत! दोरावर हायेत! आता भिंतीजवळ आले, तिथल्या कड्या धरा जी, वर या!

दुधराम : आलो. आलो... जमीन किती बेस लागते.

हर्षा : पाहा. नावाची वरची रेघ कोरली होती, तिथूनच थर सुटला. रेघ वर राहिली, 'दुधराम' अक्षरं पाटासंगं पाण्यात.

रुख्मा : हर्षा, शेजारच्या मंजूच्या बाळाच्या पाळण्याले तूच हूक छापून देल्ला ना?

हर्षा : ...हो.

रुख्मा : उभा का आडवा?

हर्षा : आठवत नाही काकू. काहीच आठवून नाही राहिलं.

दुधराम : त्यावर बाळाचं नाव होतं?

हर्षा : नाव कुठं? बारसं तर परवा आहे.

दुधराम : मंग आडवाच असंल.

रुख्मा : तरी फोन लाव. लेकराले मांडीवर घे म्हण.