मानेवरचा वारा

(बॅडमिंटन स्टेडियमच्या तळघरातली एसीची मशीनरूम. वर हॉलमध्ये अजून शिट्ट्या नि टाळ्या चालू आहेत.)

मुलगी : दार लावा आधी.

मिस्त्री : अगं, तू इथं काय करतेस? वर सगळे तुला शोधत असतील! ये, ये, जवळ ये. घामानं निथळतेयस नुसती. भिंगरे, सेमीफायनल मारलीस अगं! आपल्या देशातलं कुणी आजवर इथवर पोचलं नव्हतं. मी एकटाच नाचलो इथं, त्या पंपाला मिठी मारून.

मुलगी : बाबा, दार.

मिस्त्री : लावलं बाई, लावलं. काय झालं? पाय मुरगळला का?

मुलगी : स्कोअरबोर्डकडचा ब्लोअर कधी बंद केलात?

मिस्त्री : कुठला ब्लोअर? दोन्ही टोकांचे चालू आहेत की. कान लावून बघ हवं तर.

मुलगी : आत्ताचं नाही विचारत. मॅचमधलं विचारतेय.

मिस्त्री : मॅचमधलं म्हणजे... जुनं मशीन आहे ते. मध्येच धाप लागते त्याला, माझ्यासारखी.

मुलगी : मलाही दुसऱ्या गेमला तसंच वाटलं. म्हटलं, बिघडला असेल एक. वारा माझ्या तोंडावर येत होता आणि समोरचीच्या पाठीवर. तिनं जरा जोरात मारलं की शटल रेषेबाहेर. ठीक आहे, नशीब तिचं. मग तिसऱ्या गेमला बाजू बदलली. आता वारा माझ्या मानेवर यायला हवा होता ना?

मिस्त्री : हं.

मुलगी : तोंडावरच होता. तरी म्हटलं, भास होतोय. मग अकरा पॉइंट झाले, मिनिटाची सुट्टी झाली, पुन्हा बाजू बदलली. आणि बाबा, पुन्हा तोंडावरच! मान कोरडी व्हायलाच तयार नाही. एक ब्लोअर थांबून दुसऱ्यानं जोर धरायला किती वेळ लागतो?

मिस्त्री : मला काय ठाऊक.

मुलगी : पन्नास सेकंद. मी सात वर्षांची असताना तुम्हीच घड्याळ लावून दाखवलं होतंत. जाळीला लाल लोकरीचे तुकडे बांधले होतेत. 'आधी लोकर बघ, मग शटल मार.' शाळा सुटली की मी इथंच पडीक असायचे. या हॉलची हवा मला डोळे मिटून कळते, आणि तुम्ही ती माझ्यापासून लपवायला निघालात?

मिस्त्री : तुझं डोक्यातच आलं नाही गं. शपथ. अंपायरचा विचार केला, रेफरीचा केला, त्यांच्या त्या चष्मेवाल्या कोचचा केला. तूच तेवढी राहिलीस.

मुलगी : कुणी सांगितलं होतं करायला? स्टेडियमच्या सेक्रेटरींनी?

मिस्त्री : छे! त्यांना काय कळतंय मशीनमधलं? मीच केलं. पहिली गेम तू हरलीस ना, तेव्हा वरून सगळ्या लोकांचा तो 'अरेरे' आला. पाइपातून खाली उतरला तो, इथंपर्यंत. हात कधी स्विचवर गेला कळलंच नाही.

मुलगी : पहिल्यांदा कळलं नाही. नंतर दोनदा?

मिस्त्री : नंतर कळत होतं.

मुलगी : वा.

मिस्त्री : अगं, दोन वर्षांपूर्वी त्यांच्या देशात गेलीस तेव्हा काय केलं त्यांनी तुझं? सरावाला बस नाही पाठवली. हॉलमधले अर्धे दिवे बंद. हरून आलीस नि चार दिवस जेवली नाहीस. आपला झेंडा खाली पडला तरी कुणी उचलला नाही, असं तूच सांगितलंस ना रडत रडत? तेव्हापासून सलत होतं माझ्या मनात. म्हटलं, एकदा तरी त्यांनाही कळू दे.

मुलगी : ती त्या वेळी त्यांच्या संघातही नव्हती, बाबा. कुणाला कळू दे?

मिस्त्री : त्यांच्यातलीच ना पण.

मुलगी : तिनं अंपायरला हात करून वर छताकडे दाखवलं. अंपायर म्हणाला, खेळा. लोक हसले. मी पण तिथंच उभी होते, मला सगळं कळलं होतं, आणि मी सर्व्हिस केली. मला वाटतं मी पण हसले थोडीशी.

मिस्त्री : तू खेळत होतीस. तुझा काय दोष?

मुलगी : शेवटी हात मिळवताना काय म्हणाली, माहितेय? 'तुला तुझा हॉल फार छान कळतो.' मनापासून म्हणाली हो. डोळे भरले होते आणि माझं कौतुक करत होती.

मिस्त्री : घाम पूस आधी. हे घे फडकं.

मुलगी : फडकं नको. बोला.

मिस्त्री : काय बोलू? चुकलं. पण बापाचं आतडं आहे, भिंगरे.

मुलगी : आतड्याचं नका सांगू. मी एक गेम हरले आणि तुम्ही स्विचला हात लावलात. म्हणजे तुम्हाला वाटलं, आता हिच्यानं होत नाही. पंधरा वर्षं तुम्ही मला पहाटे हॉल उघडून देताय, आणि एका गेममध्ये तुमचा माझ्यावरचा विश्वास उडाला.

मिस्त्री : असं नको गं म्हणू.

मुलगी : मग कसं म्हणू?

सेक्रेटरी : मिस्त्री! अहो मिस्त्री, उघडा! आतून कडी कसली लावताय?

मिस्त्री : आलो, साहेब.

सेक्रेटरी : अरे वा! आमची वाघीण इथं लपलीय होय! बेटा, पत्रकार खोळंबलेत वर. आणि मिस्त्री, आमच्या बावीस वर्षांत पहिल्यांदाच उतरलो बरं का या तळघरात. काय उकाडा हो! सगळ्या जगाला गारवा देता आणि स्वतः भट्टीत बसता.

मिस्त्री : सवय झालीय, साहेब.

सेक्रेटरी : असं बघा, सहाला फायनल. क्रीडामंत्री येतायत. सुवर्ण मिळालं तर या देशात पहिल्यांदाच. मी एवढंच सांगायला आलो की सकाळी मशीन जसं चाललं, तसंच संध्याकाळी चालू दे.

मुलगी : कसं चाललं सकाळी?

सेक्रेटरी : मी काही विचारत नाही. त्यांनीही काही सांगू नये.

मुलगी : म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

सेक्रेटरी : बेटा, मीही खेळलोय एके काळी. समोरच्या पोरीची नऊ शटल मागच्या रेषेबाहेर पडली, एवढंच मला माहीत आहे. देवाची कृपा.

मुलगी : देवाला पन्नास सेकंद लागत नाहीत. मी रेफरींकडे चाललेय.

सेक्रेटरी : कशाला?

मुलगी : सांगायला. त्यांचा संघ अजून शहरातच आहे. फायनल उद्यावर ढकलायची, सेमीफायनल पुन्हा घ्यायची. दोन्ही ब्लोअर चालू ठेवून.

सेक्रेटरी : मिस्त्री, हिला डोकं आहे की फक्त पाय आहेत? अगं, रेफरी काय तुला शाबासकी देणार आहे? आधी तुझ्या बापाला घरी पाठवतील. पाठोपाठ तुझ्यावर बंदी. आणि या स्टेडियमला पुढची दहा वर्षं एकही मोठी स्पर्धा मिळणार नाही. वर कोर्टवर त्या चिमुरड्या शिकतायत ना, त्यांनी काय करायचं? तुझ्या एका दिवसाच्या खरेपणापायी त्यांनी का मरायचं?

मुलगी : त्या इथंच शिकतायत. आज ना उद्या हवा त्यांनाही कळणारच आहे. तेव्हा त्यांना काय सांगू?

सेक्रेटरी : काही सांगू नकोस! झाकली मूठ सव्वा लाखाची. ते लोक तुझ्या जागी असते तर आले असते का सांगायला? बोल ना.

मुलगी : बहुतेक नसते आले.

सेक्रेटरी : मग!

मुलगी : मग काय? म्हणून तर मी त्यांच्याकडून तेव्हा हरले तरी मला ते खरं हरणं वाटलं नाही. आज तिलाही वाटत नसेल.

सेक्रेटरी : मिस्त्री, तुम्ही समजवा. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीत तुमची. म्हणा की मशीन बिघडलं होतं, मी कागदावर तसं लिहून देतो. विषय संपला. पोरगी लहान आहे, तिला देश कळत नाही.

मिस्त्री : साहेब, ती सातव्या वर्षापासून छातीवर झेंडा शिवलेला शर्ट घालून झोपते. मीच शिवून दिला होता, वाकडा. देश तिला कळत नाही असं नका म्हणू.

सेक्रेटरी : मी त्या अर्थानं नाही म्हटलं.

मिस्त्री : भिंगरे, पुन्हा खेळलीस आणि हरलीस तर?

मुलगी : तर हरले. चार दिवस जेवणार नाही, पाचव्या दिवशी जेवेन.

मिस्त्री : आणि जिंकलीस तर?

मुलगी : तर निदान मला तरी कळेल की मी जिंकले. आत्ता मला काहीच कळत नाहीये, बाबा. लोक नाव घेऊन ओरडतायत आणि मला कळत नाहीये, मी काय केलंय.

मिस्त्री : माझा शर्ट कुठाय?

सेक्रेटरी : मिस्त्री, विचार करा. या दारातून बाहेर पडलात तर मी तुम्हाला ओळखत नाही.

मिस्त्री : खरं आहे, साहेब. बावीस वर्षांत तुम्ही आज पहिल्यांदाच आलात खाली. ही चावी ठेवा. डाव्या हाताचा स्विच दाराकडच्या ब्लोअरचा, उजव्या हाताचा स्कोअरबोर्डकडचा. दोन्ही एकदमच चालवायचे असतात. मला एवढं सोपं काम होतं आणि तेही मी नीट केलं नाही.

सेक्रेटरी : मला नको ती चावी! मी हात लावणार नाही.

मिस्त्री : मग रेफरींना देतो. भिंगरे, तू घरी जा. आईला फोन कर. मी एकटा जातो नि सांगतो. मी केलंय, माझं मी निस्तरतो. तुला यातलं काही माहीत नव्हतं.

मुलगी : अकरानंतर माहीत होतं.

मिस्त्री : ते कुणाला कळणार आहे? मी तुझं नावही काढणार नाही. तू वर येऊ नकोस, पोरी. ऐक माझं एवढं.

मुलगी : बाबा, तुमचं वरचं बटण उघडंय. थांबा, लावते. हं, चला.

मिस्त्री : अगं, पण तू कशाला?

मुलगी : टाळ्या मी घेतल्यात.