निघण्याआधीचं जेवण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय लक्ष्मीकांत सबनीस, तसेच आरोग्य खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले आपले सन्माननीय पाहुणे, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती डॉक्टर निशिगंधा, चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून आणि मोहालीहून वाट वाकडी करून आलेले आपल्या मराठी मंडळाचे सभासद, आणि मागच्या रांगेत हिंदीत कुजबुजणारी आमची मराठी मुलं, सगळ्यांना शशिकला देवस्थळीचा नमस्कार.

पाहुण्यांचं भाषण फार अभ्यासपूर्ण झालं. विकसनशील देशाच्या आरोग्यसेवेपुढची आव्हानं त्यांनी सांगितली. खाटा कमी, यंत्रं कमी, शिकवून तयार केलेले डॉक्टर परदेशी. खरं आहे, साहेब. फक्त तुम्ही 'रुग्णसंख्येचा ताण' म्हणालात ना, त्या ताणात माझा क्षितिज होता. त्यामुळे पुढचं भाषण माझ्या कानांवरून गेलं, राग मानू नका.

नवीन मंडळींसाठी सांगते. क्षितिज आमचा एकुलता एक, मोहालीत नोकरीला. गेल्या वर्षी त्याच्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय उचलेनात, हात उचलेनात, आणि बघता बघता छातीही हलेना. शुद्ध मात्र पूर्ण होती. निशिगंधा त्या वॉर्डात होती. म्हणाली, "काकू, या आजारातून माणसं बरी होतात. तोवर त्याचा श्वास दुसऱ्या कुणीतरी चालवायचा." ते दुसरं कुणीतरी म्हणजे व्हेंटिलेटर. डेंगीचे दिवस होते. सरकारीत रिकामा नाही, खासगीत विचारलं तर तिथेही नाही.

मग तिनं आमच्या हातात रबरी फुगा दिला. त्याच्या घशातल्या नळीला लावायचा, दाबायचा, सोडायचा. चुकू नये म्हणून म्हणाली, "तुम्ही श्वास घ्याल तेव्हा त्यालाही द्या." गणपतीत आरतीच्या पाळ्या लावणाऱ्या आपल्या चारुशीलानंच या पाळ्या लावल्या. चंडीमंदिरच्या बायका आल्या, त्याच्या ऑफिसातली पोरं आली. लय राहावी म्हणून आपल्या मंडळातला अंबरीश फुगा दाबताना हळू आवाजात आरती म्हणायचा. आता आपली सवय तुम्हाला ठाऊक आहे! शेवट जवळ आला की आपला वेग वाढतो. तसा त्याचा हातही पळायला लागला. निशिगंधा ओरडली, "अहो, प्रसादाची घाई आहे का?" क्षितिजला हसता येत नव्हतं, पण त्याचे डोळे हसले. ते हसू मी पाहिलेलं आहे. माझ्याकडे आता तेवढंच आहे.

आणि एका दुपारी एक मशीन मोकळं झालं.

निशिगंधा आमच्याजवळ आली. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला हिमाचलातून आणलेली एक बाळंतीण होती. तिच्याजवळ फक्त नवरा, एकट्यानं फुगा दाबून त्याचे हात सुजलेले. निशिगंधा म्हणाली, "काकू, क्षितिजजवळ तुम्ही एवढे जण आहात. तिच्याजवळ कुणी नाही." मशीन तिकडे गेलं. क्षितिजला पुढचं मशीन मिळायच्या आत छातीत संसर्ग झाला, आणि तो गेला. ती बाई बाळाला घेऊन घरी गेली.

निशिगंधानं बरोबर केलं का, असं मला या हॉलमधल्या कितीतरी जणांनी विचारलं आहे. मी काय सांगू? आम्ही इतके जण त्याच्यासाठी धावून आलो, म्हणून त्याचं मशीन गेलं. आम्ही कमी असतो तर? हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. यंदा आरतीचा वेग वाढला तेव्हा माझ्याच्यानं टाळी वाजवली गेली नाही. पण साहेब, मला एक विचारायचं आहे. दोन जीव आणि एक मशीन, हा निवाडा तिशीतल्या एका पोरीनं उभ्या उभ्या करायचा, असं कुणी ठरवलं? ती इंग्लंडला चालली, तर तिला देश सोडून गेली म्हणायचं? इथे ती रोज काय सोसत होती, ते मी पाहिलं आहे.

सबनीस घड्याळाकडे बघताहेत. आवरते.

आपण बदलीवाली माणसं. आपली एक रीत आहे. सामान बांधलं, गॅस परत केला, की निघण्याआधीचं जेवण मंडळातल्या कुणाच्या तरी घरी. आम्ही इथेच राहिलो, त्यामुळे गेली कित्येक वर्षं ते जेवण माझ्याकडे असतं. आज कळलं, की निशिगंधा उद्या सेक्टर सतरामधल्या हॉटेलात जेवून निघणार आहे. क्षितिज गेल्यापासून ती आमच्या दारात आलेली नाही.

मंडळानं मला बोलायला उभं केलं, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. पाहुण्यांना काही लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर या म्हातारीचं बोलणं पोटात घाला.

आणि निशिगंधा, वर बघ. माझ्याकडे माफी मागायला येऊ नकोस. मी माफ केलं असं म्हणायला मला अजून जमत नाही, भरल्या सभेत खोटं कशाला बोलू? पण तुला या गावातून उपाशी पाठवणं तर मला मुळीच जमणार नाही. उद्या वरणभात करते आहे. तू ये.