संडासाचं दार

शाळेच्या समितीची अध्यक्ष मी, पण तिथं मला काम एकच, चेकवर सही करायची. औंदा अनुदान आलं तसे हेडमास्तर म्हणले, "ताई, साहेब येणार हायेत. भिंती रंगवू."

मी म्हणलं, "पोरींच्या संडासाला दार न्हाई. दुपारी घरी गेलेल्या पोरी परत येत न्हाईत. आधी दार बसवा."

"भिंती साहेबाला दिसतात. संडास कोण बघतं?"

भिंतींवर उधारीच्या रंगात मोर नाचले. मी चेकवर सही केलीच न्हाई.

साहेब आले, मोर बघून खूश झाले, दोन कप चहा प्याले अन् हळूच म्हणले, "बाथरूम कुठंय?"

मीच घेऊन गेले. संडासासमोर पदर पसरून उभी राहिले. "जा साहेब. आमच्या पोरी एकमेकींला ओढणी धरतात, तुमाला मी पदर धरते. पाठ करून उभी राहते, लाजू नका."

साहेब तसेच जीपकडं पळाले!

आठवड्यात दार बसलं. हेडमास्तर धावत आले, "ताई, आता तरी सही करा."

मी आत गेले, कडी लावून बघितली अन् आतूनच म्हणलं, "लागते बराबर. सरकवा चेक दाराखालून."