सहाशे पस्तीसचा आकडा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान आमच्या वर्कशॉपचे मालक, आजचे सत्कारमूर्ती नाडीवाले काका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, आणि माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

काकांच्या कारकिर्दीवर चार शब्द बोल, असं मालकांनी मला सांगितलं. आधीच्या वक्त्यांनी चांगले चांगले शब्द वापरून टाकलेत, तेव्हा मी आपली कामाचंच बोलते.

नाडीवाले हे नाव कसं पडलं, ते नव्या मंडळींना ठाऊक नसेल. इंजिन चालू असताना काका बॉनेटवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “तिसऱ्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय.” आम्ही हसायचो. मग संगणक जोडायचो. तिसराच निघायचा. अशा माणसाने अकरा वर्षं स्टोअरच्या खिडकीत बसून ऑइल फिल्टर का द्यावेत? हे इथे कुणी विचारत नाही. चौकशीचा निकाल सगळ्यांना पाठ आहे.

माझा धाकटा भाऊ डोंगरचढणीच्या शर्यतीत उतरणार होता. त्याच्या गाडीला आम्ही मोठे इंजेक्टर बसवले. इंजेक्टर म्हणजे पेट्रोलची पिचकारी. पिचकारी बदलली, की ती मिनिटाला किती पेट्रोल सोडते हे इंजिनाच्या संगणकाला नव्याने सांगावं लागतं. आकडा खऱ्यापेक्षा मोठा सांगितला, तर त्याला वाटतं भरपूर पेट्रोल जातंय, आणि तो पिचकारी लवकर मिटतो. इंजिन उपाशी राहतं. जोर लावला की पिस्टन वितळतो.

तेव्हा मी काकांच्या हाताखाली होते. तक्त्यातून आकडा काढून द्यायचं काम माझं. मी चिठ्ठीवर लिहून दिला, काकांनी तो भरला. म्हणाले, “हे झालं इंजिन चालू होण्यापुरतं. आज गाडी आवाराबाहेर काढायची नाही. उद्या चाचणीच्या रोलरवर चढवतो, धूर मोजतो, मग काय ते.” आणि ते जेवायला गेले.

भाऊ आला. “ताई, किल्ली दे ना. एकच चक्कर.”

“काका नको म्हणालेत.”

“काका कधी हो म्हणालेत? तू दे गं.”

मी दिली. हे तुम्हाला माहीत आहे. किल्लीवरून मला कुणी कधी बोललं नाही, उलट सांभाळूनच घेतलं. घाटातल्या तिसऱ्या वळणावर इंजिन जाम झालं, मागची चाकं अडकली, गाडी दरीत गेली. भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नट धूत होते. उरलेले नट धुतले, पुसले, डब्यात ठेवले आणि मग निघाले. तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही. लोक म्हणतात, बाई खंबीर आहे. तसं काही नाही.

संगणकात सहाशे पस्तीस भरलेलं सापडलं. हवं होतं पाचशे पन्नास. चौकशी समितीने विचारलं, “आकडा कुणी भरला?” काका म्हणाले, “मी.” तेवढंच. त्यांचं ट्यूनिंगचं काम काढून घेतलं. वर्षभराने त्यांच्या खुर्चीवर मी बसले.

निकालाच्या दिवशी काका माझ्याकडे आले होते. “पोरी, तू चिठ्ठीवर पाचशे पन्नासच लिहिलं होतंस ना? माझीच वाचताना चूक झाली असणार.”

मी म्हटलं, “हो.”

चिठ्ठी मी अपघाताच्याच संध्याकाळी त्यांच्या टेबलावरून उचलली होती. कुठे टाकली, ते आठवत नाही. तिच्यावर सहाशे पस्तीस होतं. तक्त्यात दोन रकाने असतात, तीन बार दाबाचा आणि चार बारचा. आपला पंप तीनचा. मी शेजारच्या रकान्यातला आकडा उतरवला.

काकांनी पुढच्या आठवड्यात डोळे तपासून घेतले. नंबर तोच निघाला. तरी त्यांनी नवा चष्मा केला. काकू, तुम्हीच मला सांगितलंत, की हे अजून बिलावरचा प्रत्येक आकडा दोनदा वाचतात, दुसऱ्यांदा मोठ्याने. मी तुमच्याकडे चहा पीत होते. कप ठेवला आणि घरी गेले.

काका, उठू नका. “मीच मोजायला हवं होतं,” असं तुम्ही म्हणणार. तुम्ही मोजणारच होतात. सांगूनही गेला होतात.

अध्यक्ष महोदय, त्या समितीचे प्रमुख आपणच होतात. मघाशी मी आपल्याला पुष्पगुच्छ दिला, त्याच्याखाली एक लिफाफा आहे. त्यात माझं लेखी निवेदन आहे आणि राजीनामाही. जुन्या नोंदीत दुरुस्ती व्हावी, एवढी विनंती.

मालकांनी बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आपलेही. शेवटी वक्ते म्हणतात, बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घ्या. आज बोलण्यात माझं काही चुकलेलं नाही. चुकलं ते लिहिताना, आणि नंतर एकदा “हो” म्हणताना. ते पदरात घ्या, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

काका, तुम्ही बरोबरच वाचलं होतंत.

धन्यवाद.