बाटलीला नाक

मी खाली सही करणारा, वय ५७ वर्षे, धंदा नोकरी, राहणार संशोधन केंद्रामागील गल्ली, सायकल दुकानाच्या वरचा मजला. केंद्रात सगळे मला मास्तर म्हणतात. कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगतो की,

केंद्रातील एमआरआय यंत्र मी एकोणीस वर्षे चालवत आहे. यंत्र एक, वापरणारे गट पाच आणि भानगडी बारा. नियम असा की ज्याने त्याने आपल्या प्रतिमा सात दिवसांत काढून न्यायच्या. त्यानंतर जागा लागली तर कोणीही त्या पुसू शकतो. फक्त पाण्याच्या बाटलीच्या प्रतिमा कोणी पुसत नाही. रोज सकाळी एक सीलबंद बाटली आत ठेवून यंत्र ठीक आहे का ते मी पाहतो आणि महिन्यातून एकदा त्या प्रतिमा एकमेकींशी ताडून पाहतो.

दि. ४ रोजी सकाळी ९.१० वाजता मी बाटली तपासली. ९.३० वाजता फिर्यादी, म्हणजे पीएच.डी. करणारी मुलगी, एका आजींना घेऊन आली. आजींचे वय ८१, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. दहा वर्षांपूर्वी त्यांचा मेंदू याच यंत्रात टिपला होता. तोच पुन्हा टिपून काय बदलले ते पाहायचे, यावर मुलीचा अख्खा प्रबंध उभा आहे. आत धातू चालत नाही म्हणून केसांतल्या पिना काढायला सांगितल्या. एकामागून एक सतरा निघाल्या. आजी म्हणाल्या, "मास्तर, आता डोकंच सुटून हातात येईल." हसून हसून माझी पुरेवाट झाली. मग त्या चाळीस मिनिटे जराही न हलता पडून राहिल्या.

दि. ८ रोजी आजींना पेसमेकर बसवला. आता त्यांना आमच्या यंत्रात घेता येत नाही. मुलगी ते सगळे दिवस दवाखान्यात त्यांच्याजवळ होती. दि. १३ रोजी ती डिस्क घेऊन आली तेव्हा यंत्राच्या यादीत आजींच्या प्रतिमांचा क्रमांक नव्हता. आदल्या दिवशी शेजारच्या गटातील दाढीवाल्या संशोधकाने जुन्या प्रतिमा पुसल्या होत्या. असा क्रमांक मी पाहिलाच नाही, असे तो म्हणाला. वेळापत्रकावरून त्या दोघांचे आधीपासूनच विळ्याभोपळ्याचे सख्य, त्यामुळे तिला ते खोटे वाटले. त्याने मुद्दाम पुसले, अशी फिर्याद तिने आपल्याकडे दिली. मीही मनातून त्यालाच चोर ठरवले होते, हे कबूल करतो. मुलगी दोन दिवस यंत्राच्या खोलीबाहेर बाकावर बसून होती. मी चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला.

दि. १५ रोजी सकाळी ११ वाजता मी बाटलीच्या महिन्याभराच्या प्रतिमा काढल्या. दि. ४ च्या बाटलीला नाक होते. पुढच्या प्रतिमेत कानही होते.

पिनांच्या नादात मी यंत्रावरचे बाटलीचे नाव बदलून आजींचा क्रमांक घालायचे विसरलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चूक सर्वस्वी माझी. मात्र हेही नमूद करतो की, क्रमांक बरोबर घातला असता तर दि. १२ लाच त्या प्रतिमा पुसल्या गेल्या असत्या. त्यामुळे या चुकीची लाज बाळगावी की तिची पाठ थोपटावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी मुलीला हाक मारली. तिने पडद्याकडे पाहिले आणि खुर्ची ओढून सगळ्या प्रतिमा शेवटपर्यंत पाहिल्या. मग उठून थेट शेजारच्या खोलीत गेली आणि सगळ्यांदेखत दाढीवाल्याची माफी मागितली. तो स्वतःची डिस्क घेऊन आला. म्हणाला, "एक प्रत माझ्याकडे ठेव. आणि पुन्हा काही हरवलं तर फिर्यादीच्या आधी मला विचार." माझे डोळे भरून आले. आजींना फोनवर कळवले, तेव्हा त्यांनी बाटलीत मेंदू कितपत भरला आहे, अशी चौकशी केली.

सबब कोणाविरुद्धही तक्रार राहिलेली नाही. मुलगी फिर्याद मागे घेण्यास बाहेर थांबली आहे, दाढीवालाही सोबत आहे.

जबाब मला वाचून दाखवला. बाटलीला नाक होते, हे वाक्य खोडू का, असे हवालदारांनी दोनदा विचारले. खोडू नये. ते आणि बाकी सर्व मी सांगितले तसेच व खरे आहे.